पोटाशी धरावी

तारीख लिहून ठेवते : सतरा मे.
बडोद्यात पारा चव्वेचाळीस,
आणि कॅम्पातल्या वर्कशॉपात, माझ्या टेबलावर
बर्फातून परत आलेली अकरा खोकी.

हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, कड्या गंजलेल्या.
यांच्यातल्या बॅटऱ्या बनवणारा कारखाना
बंद पडून एकोणीस वर्षं झाली.
रेडिओ मात्र धडधाकट आहेत अजून.
गळा शाबूत,
पोटात घालायला काही नाही.

आमचं काम एवढंच :
खोकं तेच, कडी तीच, पाच पिनांचं तोंड तेच,
आत लिथियमचा नवा गठ्ठा बसवायचा
असा, की रेडिओला कळू नये
जोडीदार बदललाय.
जशुभाई म्हणतात, बेन, आ तो
म्हातारपणीचं दुसरं लग्न.
आणि सेव-उसळ आणायला फतेगंजच्या नाक्यावर जातात.

मला ॲसिडची खोली आठवते.
दाभाडेकाकांच्या पँटला गुडघ्यापर्यंत भोकं,
कसर लागल्यासारखी.
काचेची नळी डोळ्याशी धरून ते म्हणत, बाराशे ऐंशी,
जसे कोणी नातवाचे मार्क सांगावेत.
शिशाची बॅटरी सांगून मरते, म्हणायचे.
आधी सुई उतरते,
मग आवाजाला गाळ येतो,
मग पलीकडचा माणूस विहिरीतून बोलतो.
तेवढ्यात निरोप उरकता येतो.

नवी तसं करत नाही.
तिचा आलेख काढला मी परवा :
सरळ, सरळ, अगदी शेवटपर्यंत सरळ,
टेबलाच्या फळीसारखा,
आणि मग टेबल संपतं.

म्हणून तिला एक बारका लाल दिवा दिला.
मेजरसाहेबांनी एकच विचारलं,
हा रात्री दिसणार कुणाकुणाला?
दिवा काढला.
हेडफोनात एक कोरडी टिकटिक घातली,
संपायच्या वीस मिनिटं आधीपासून.
आता हीसुद्धा मरण्यापूर्वी खोकते.
दाभाडेकाका असते तर हसले असते,
किंवा नसतेही.

सातव्या खोक्याचं झाकण उलटं केलं.
आत व्हॅसलिनचा पिवळा थर, घट्ट झालेला.
चिंधीने पुसला, तर खाली पेन्सिल.
अक्षर चौथीतलं, मात्रा वाऱ्याने कलल्यासारख्या :

थंडीत पोटाशी धरावी. मंग बोलती.

नाव नाही. साल नाही.
पंखा वरून गरम हवाच ढकलत होता
आणि मी साडेपाच किलोचं ते खोकं
दोन्ही हातांनी उचललं,
एप्रनवर, बेंबीच्या जरा वर, धरून पाहिलं.
कोपरा टोचतो.
त्याने कोटाच्या आत धरलं असेल,
बनियनला लागून,
किती वेळ, कुणास ठाऊक.
आणि बोलू लागल्यावर काय बोलला असेल पहिल्यांदा?
बहुतेक, रॉकेल संपलंय.

नव्या गठ्ठ्याबरोबर चोपडं येतं, चौसष्ट पानी.
बत्तिसाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात,
शून्याखाली चार्ज करू नये,
वापरण्यापूर्वी योग्य तापमानास आणावी.
वाचलं. पुन्हा झाकण वाचलं.
चोपड्यात पोट कुठेच नाही.

नियम असा, की खोकी वाळूच्या माऱ्याने सोलायची
आणि आतबाहेर नवा रंग.
मी त्या ओळीवर तीन बोटं रुंद चिकटपट्टी लावली,
रंगारी सलीमला म्हटलं, इथे फवारा नको.
तो म्हणाला, मॅडम, इन्स्पेक्शनला अडेल.
अडलंच.
हे काय आहे, कुठली भाषा, कुणी लिहिलं,
तिन्ही प्रश्नांना मिळून मला एकच उत्तर येत होतं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
मूळ सूचना. अजून लागू.

सही झाली. ट्रक लागला. अकराही गेली.

हात धुताना पाहिलं,
पुसताना तर्जनीला थोडं काळं लागलं होतं.
पोरं पेन्सिलीतल्या त्यालाही शिसंच म्हणतात.
जुन्या प्लेटा सगळ्या गेल्या भंगारात, वजनावर, पावतीसह.
एवढं माझ्याकडे राहिलं,
संध्याकाळी आंघोळ करेपर्यंत.